मेथीच्या जुडीसाठी एक हॉर्सपॉवर

मी पंप बोलतोय. डोक्यावर गवती चहाची कुंडी आहे म्हणून मला कुंडी ठेवायचा चौरंग समजू नका. कुंडी जरा बाजूला सारलीत तर माझ्या पाठीवरची पितळी पाटी दिसेल. तिच्यावर 'एक हॉर्सपॉवर' असं ठसठशीत कोरलंय. अंगात घोड्याचं बळ असलेला मी चिंचवडच्या एका बैठ्या घराच्या अंगणात नळाशेजारी बसून असतो आणि येणारा-जाणारा माझ्यावर चहाची कपबशी ठेवतो. ही वेळ माझ्यावर का आली ते सांगतो. तक्रार करायची नाही असं ठरवलंय, पण स्वभावाला औषध नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या दिवसांत तिकडे कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या शेड उगवत होत्या. एकीत ओतकाम, दुसरीत कातकाम, तिसरीत रंग, असा फिरत फिरत मी पुरा झालो. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी पाणी असं फेकलं की समोरच्या चहावाल्याचा स्टोव्हच विझला. चहावाला शिव्या देत होता आणि मालक हसत होता. "हा मळा भिजवणार!" मालक म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी मी अजून जपून ठेवलीय.

मळा सोनबाचा होता. वांगी, मिरची, थोडी मेथी, आणि मध्ये विहीर. त्याने माझ्यासाठी आधीच सांगून ठेवलं होतं. पिंपरीच्या बाजारात दौलतरावांचं दुकान होतं, तिथे मी त्याची वाट पाहत बसलो. पण सोनबा मला न्यायला यायच्या आतच मळा एका नव्या कारखान्यासाठी गेला. तो दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "दौलतराव, आता पंप न्हाई लागायचा. हीरच बुजवली." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग मी फळीवर बसलो. माझ्या शेजारी एक कारंज्याचा पंप होता, तळहातावर मावेल एवढा. त्याच्याशी मी फारसं बोलायचो नाही. घोड्याने उंदराशी काय बोलायचं? आज वाटतं, बोलायला हवं होतं. त्याला नोकरी माझ्या आधी मिळणार होती, आणि ती त्याची माझ्यामुळेच गेली.

बहात्तरचा तो मोठा दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. प्रभाकरराव एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात इंजिनियर होते. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की भाजी मातीशिवायही पिकते. खडीचा ट्रे घ्यायचा, त्यात बी पेरायचं, आणि खतं विरघळवलेलं पाणी दिवसातून तीनदा ट्रेमध्ये चढवून परत टाकीत उतरू द्यायचं. पाणी कमी लागतं, तण उगवत नाही, हात मळत नाहीत. हात मळत नाहीत हे वाचल्यावर प्रभाकररावांना राहवेना.

आता सगळा प्रश्न पंपाचा होता. आणि पंप निवडायचा म्हणजे मीटिंग आली.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी प्रभाकररावांच्या ओट्यावर मंडळी जमली. मी तेव्हा दुकानात होतो, पण ही हकीकत मी पुढे इतक्यांदा ऐकली की मला तोंडपाठ आहे. प्रभाकररावांनी आधी बरोबर हिशेब मांडला होता. "पाणी चढवायचंय तीन फूट. ट्रे एक. कारंज्याचा पंप पुरतो," ते म्हणाले.

"पुरतो म्हणजे काय, राव?" शेजारचा गुरुदत्त म्हणाला. तो मेन्टेनन्समध्ये होता. "काठावर पास झालेलं पोर आणि काठावर पुरणारं मशीन, दोघांचा भरवसा नाही. पाइपाला वळणं आहेत. दुप्पट धर."

पलीकडच्या घरातला सुरेंद्र इन्स्पेक्शनमध्ये होता. तो म्हणाला, "संध्याकाळी व्होल्टेज पडतं. त्याचं दुप्पट वेगळं धरा."

मग प्रभाकररावांनाच वाटलं की उद्या ट्रे वाढवायचे झाले तर? म्हणून त्यांनी पुढच्या वाढीसाठी आणखी थोडं धरलं. त्यात दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. कंपनीची वहिवाटच तशी होती. मागणारा वाढवून मागायचा, कारण वरचा कापणार. वरचा वाढवून पाठवायचा, कारण त्याच्या वरचा कापणार. अशी कापाकापी होऊन शेवटी हवं तेवढं हातात पडायचं. ओट्यावर मात्र कापणारं कोणी नव्हतं. सगळे वाढवणारेच होते.

प्रभाकररावांच्या पत्नी शैलावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या बालवाडीत शिकवायच्या. "अहो, तीन फूट तर माझा हातसुद्धा पाणी चढवेल," त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्यात त्यांची थट्टा करायचा हेतू नव्हता, पण कोणी ते टिपूनही घेतलं नाही.

संध्याकाळी तिघे दुकानात हजर. दौलतरावांनी तिघांची बोलणी ऐकली, फळीकडे पाहिलं आणि माझ्यावरची धूळ उपरण्याने झटकली.

"ह्यो घ्या साहेब. मोठा पंप कंदी वाया जात न्हाई. उद्या हीर पाडली तर?"

"अंगणात विहीर?" प्रभाकरराव म्हणाले.

"अंगन तुमचं हाय. आमी कोन बोलनार?"

असा मी निघालो. कारंज्याचा पंप फळीवर तसाच राहिला. स्कूटरवर पायांपाशी मला उभं करून नेताना मला मळ्याचीच स्वप्नं पडत होती.

मळा नव्हता. पण जे होतं तेही काही कमी नव्हतं. घरासमोर छोटंसं अंगण होतं, आणि त्यात अळू, कोथिंबीर, गवती चहा आणि कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड. इथे मूळचा नुसता मुरूम होता. शैलावहिनींचं माहेर चाकणचं. दर खेपेला येताना त्या तिथल्या मळ्यातली पिशवीभर काळी माती एसटीत मांडीवर घेऊन बसायच्या. कंडक्टर म्हणायचा, "ताई, मातीचं तिकीट काढा." अशी पिशवी पिशवी करून ते अंगण झालं होतं. सोसायटीत कुणाच्याही आमटीला कढीपत्ता लागला की वाटी नाही तर पोर याच अंगणात यायचं.

ते अंगण खरवडून प्रभाकररावांनी तिथे काँक्रीट घातलं. वहिनींनी माती टाकू दिली नाही. पोत्यांत भरून ती त्यांनी मागच्या भिंतीला लावून ठेवली. गवती चहा एका कुंडीत लावला. कढीपत्ता तेवढा कोपऱ्यात वाचला. त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्याने वाजत होती.

मला टाकीशेजारी बसवलं. आता एक गोष्ट मीटिंगमध्ये कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आमची जात अशी की पोटात आधी पाणी असल्याशिवाय आम्हाला पाणी ओढता येत नाही. सुरू करण्याआधी कुणीतरी तांब्याभर पाणी माझ्या तोंडात ओतावं लागतं. प्रभाकरराव पहाटेच कंपनीच्या बसने जायचे, म्हणून ते काम वहिनींकडे आलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या माझ्या तोंडात तांब्या रिकामा करायच्या आणि बटण दाबायच्या. पंप निवडताना ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्याच हातात पंप होता.

पहिल्या गुरुवारी सगळ्यांसमोर मला सुरू केलं. नारळ फुटला, बटण दाबलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली सगळी ताकद मी एकदम काढली. मेथीचं बी खडीसकट उडालं आणि गुरुदत्तच्या खिडकीच्या तावदानावर जाऊन आदळलं. सुरेंद्रच्या चष्म्यावर एक मेथीचा दाणा बराच वेळ चिकटून होता.

"प्रेशर चांगलं आहे," गुरुदत्त म्हणाला.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मला परत नेऊन तो कारंज्याचा पंप आणला असता. पण घेतलेला पंप परत करायचा म्हणजे निवड चुकली असं कबूल करणं आलं, आणि निवड तिघांची होती. म्हणून त्यांनी माझ्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवला आणि तो जवळजवळ बंदच करून टाकला. सांगा, घोड्याला टांग्याला जुंपायचं आणि चाकं बांधून ठेवायची, याला काय म्हणावं? मी आतल्या आत फिरत राहिलो. तापलो. पाणी तापलं. त्या कोमट पाण्यात मेथीची कोवळी मुळं शिजली. पुढची पेरणी माझ्या अंगच्या गंजाने तांबूस झाली. खताच्या पाण्याला ओतीव लोखंड चालत नाही, हेही कुणी विचारलं नव्हतं.

पुन्हा मीटिंग बसली. पाणी तापतं, तर पाणी वाढवा, म्हणजे टाकी मोठी करा. आधी मेथीसाठी पंप आणला होता, आता पंपासाठी टाकी आणि टाकीसाठी जागा शोधायला लागले. जागा होती ती फक्त कोपऱ्यात, कढीपत्त्याची.

तेव्हा शैलावहिनी बाहेर आल्या. मंडळींसमोरच म्हणाल्या, "झाडाला हात लावा, पण एक कबूल करून लावा. दसऱ्याच्या ताटात या ट्रेमधली भाजी पडली, तर हे काँक्रीट कायमचं. मी पुन्हा मातीचं नाव काढणार नाही. आणि नाही पडली, तर माझं अंगण मला जसं होतं तसं परत द्यायचं."

"कबूल," प्रभाकरराव म्हणाले. गुरुदत्त आणि सुरेंद्र साक्षीला होतेच. कढीपत्ता तोडला, तेव्हा वहिनी घरात निघून गेल्या. तोडलेल्या पानांचा वास दिवसभर माझ्या अंगाला येत होता. मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी झाड तुटावं एवढा काही मी थोर नव्हे.

मोठ्या टाकीने मात्र गुण दिला. गंज पाण्यात उतरू नये म्हणून मला आतून रंग लावला होता, तोही टिकला. घटस्थापनेच्या सुमारास ट्रेमध्ये मेथी हिरवीगार उभी राहिली. प्रभाकरराव कंपनीतून आले की बूट न काढताच तिच्यासमोर उभे राहायचे. सोसायटीतली मंडळी पाहायला यायची. 'मातीविना मेथी' हे दोन शब्द प्रभाकरराव दिवसातून किती वेळा उच्चारायचे ते मोजायचं मी सोडून दिलं. वहिनी नेमाने तांब्या ओतायच्या, बटण दाबायच्या. पैज त्या हरत चालल्या होत्या, पण एकही पाळी त्यांनी चुकवली नाही.

आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्या सगळ्या पट्ट्यात शांतता असते. यंत्रं धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, कुंकू लावतात आणि पूजा झाली की त्यांना हात लावत नाहीत. प्रभाकरराव कंपनीत पेढे वाटायला गेले होते. इकडे त्यांच्या आईंनी, इंदुताईंनी घरातली हत्यारं मांडली. विळी, खलबत्ता, शिवणयंत्र, प्रभाकररावांची हिशेबाची सरकपट्टी म्हणजे स्लाइड रूल, आणि त्यानंतर मी. आयुष्यात प्रथमच माझ्या गळ्यात माळ पडली. सोनबाच्या मळ्यात माझी अशीच पूजा व्हायची होती, हे आठवून मला भरून आलं.

दुपारी प्रभाकरराव आले ते थेट बटणाकडे निघाले.

"थांब," इंदुताई म्हणाल्या. "पूजा झालीय. उद्या सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"आई, ऊन बघ केवढं आहे. नुसती खडी आहे ती, माती नाही. पाणी चढलं नाही तर उद्यापर्यंत मेथी मरून जाईल."

"तुमच्या कंपनीतली मशिनं चालू आहेत का आज?"

"नाहीत."

"तिथल्या साहेबांनी बंद ठेवली ना? मग इथला साहेब कोण?"

प्रभाकरराव बटणापासून मागे सरले. खात्यातल्या यंत्राला सकाळी त्यांनी स्वतःच उदबत्ती ओवाळली होती. गुरुदत्त आणि सुरेंद्र धावत आले आणि ट्रेभोवती मान खाली घालून उभे राहिले. मेथीची पानं आताच मऊ पडायला लागली होती.

"मी म्हणत होतो," गुरुदत्त म्हणाला, "एक पंप स्टँडबाय हवा होता."

तिघे इंजिनियर भरल्या टाकीशेजारी उभे होते. टाकी आणि ट्रे यांच्यात अंतर तीन फूट. पण प्रभाकररावांच्या ड्रॉइंगमध्ये पाणी पाइपातूनच येत होतं, आणि पाइप बंद होता. थोड्या वेळाने तिघेही सुस्कारे टाकत जेवायला गेले.

ऑक्टोबरचं ऊन काँक्रीटवरून वर फेकलं जात होतं. वाळत घातलेले कपडे काढायला शैलावहिनी बाहेर आल्या आणि मेथीपाशी थांबल्या. मी मनात म्हटलं, बाई, कपडे घेऊन आत जा. उद्या संध्याकाळी अंगण तुझं आहे. तुझी माती मागे पोत्यांत वाट बघतेय. तुला काही करायचंच नाही, नुसतं आत जायचंय.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात रोजचा तांब्या होता. टाकीत बुडवून त्यांनी तो ट्रेमध्ये ओतला. मग पुन्हा एक. पाणी खडीतून झिरपून टाकीत यायचं आणि त्या पुन्हा वर घालायच्या. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव उठायच्या आत तेच; मरती मेथी बघवणार नाही म्हणून ते बाहेर फिरकलेच नव्हते. एका घोड्याचं काम त्या वाकून वाकून करत होत्या आणि मी गळ्यात माळ घालून बघत होतो. इंदुताई खिडकीत वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी प्रभाकरराव भीत भीत बाहेर आले. मेथी ताठ उभी होती. त्यांनी गुरुदत्त आणि सुरेंद्रच्या कुटुंबांना जेवायलाच बोलावलं. ताटात श्रीखंड-पुरी आणि शेजारी मेथीची भाजी.

"पंप बंद ठेवून दीड दिवस! आणि एक पान वाळलं नाही!" प्रभाकरराव म्हणाले.

"आधी दुप्पट धरलं होतं ना, त्याचा गुण," गुरुदत्त म्हणाला.

"मी धरलेलं दुप्पट वेगळं," सुरेंद्रने आठवण करून दिली.

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. न केलेल्या कामाची शाबासकी कशी लागते ते तेव्हा कळलं. ती पोटात राहत नाही.

"शैला, भाजी ताटात आली हं," प्रभाकरराव हसत म्हणाले. "पैज मी जिंकलो."

"जिंकलात," वहिनी म्हणाल्या आणि पुरी वाढायला पुढे झाल्या. आवाज अगदी साधा होता. फक्त वाढताना त्यांनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. तिथे पोती होती.

इंदुताई ताटावरून उठल्या. देवघरातून त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला, मोरीपाशी पालथा घातलेला तांब्या उचलला आणि बाहेर माझ्याजवळ आल्या. मागोमाग सगळे आले. त्यांनी माझ्या गळ्यातली माळ काढून तांब्याला घातली आणि त्याला हळद-कुंकू लावलं.

"काल जरा चूक झाली माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "पूजा भलत्याच हत्याराची केली."

प्रभाकररावांनी तांब्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, मग वहिनींच्या हातांकडे. त्या हातांची बोटं खताच्या पाण्याने पांढरी पडून सोलवटली होती.

"तू घातलंस पाणी? अगं, पण नसतं घातलंस तर पैज तू जिंकली असतीस."

"मेथीने कुठे पैज लावली होती?" वहिनी म्हणाल्या. "तिला तहान लागली होती."



पुढच्या गुरुवारी काँक्रीट फोडायचं ठरलं. गुरुदत्त आणि सुरेंद्र सकाळीच आले. काँक्रीट फोडायला हवेचा हातोडा लागेल, त्याला कॉम्प्रेसर लागेल आणि तो जरा मोठाच घेतलेला बरा, असं बोलणं सुरू झालं. प्रभाकरराव आत गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. "आधी एक घाव घालून बघू," ते म्हणाले. काँक्रीट पातळच होतं. मागून वहिनी पोत्यांची तोंडं सोडत होत्या. त्या दिवशी प्रभाकररावांचे हात कोपरापर्यंत मळले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे महानगरपालिका आली, रस्ते रुंद झाले, दौलतरावांचं दुकान त्यांचा मुलगा चालवतो. टाकी फोडली तिथे कढीपत्त्याच्या मुळातून धुमारा फुटला होता, त्याचं आता झाड झालंय आणि त्याची सावली दुपारी माझ्यावर पडते. नळाला पाणी कमी आलं की सुरेंद्र अजून म्हणतो, "वहिनी, याला लाइनवर लावा, सगळं पाणी ओढून घेईल." वहिनी म्हणतात, "आणि मग तुमच्या घरी काय येईल?" तो विषय तिथेच संपतो. खंडेनवमीला कुंकू आधी तांब्याला लागतं, मग मला. इंदुताई गेल्या, पण हा क्रम कुणी बदलला नाही.

तुम्ही पंप घ्यायला जाल तेव्हा माझं एवढं ऐका. चार मित्रांना विचारण्याआधी त्या रोपापाशी जाऊन बसा. त्याची तहान केवढी आहे ते बघा आणि तेवढाच पंप आणा. फळीवर एखादा माझ्यासारखा धिप्पाड दिसला तर त्याला तिथेच राहू द्या. कुठेतरी एखादी विहीर अजून शिल्लक असेल, तिच्यासाठी तो लागेल.

रोज सकाळी झाडांना पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं पाणी वहिनी माझ्या डोक्यावरच्या कुंडीत ओततात. कुंडीच्या तळातून ते थेंब थेंब माझ्या उघड्या तोंडात उतरतं. जुनी सवय जात नाही. पोटात पाणी पडलं की मी तयार होतो आणि बटण दाबलं जायची वाट बघतो. तेवढ्यात कुणीतरी येऊन गवती चहाची दोन पाती तोडतं आणि चहा झाला की कप माझ्याच अंगावर ठेवतं.